कामाशिवायचा रस्ता

थंडी पडली की आमच्या भागातल्या रस्त्यांवर मोटारसायकलींचे जथे दिसू लागतात. नागपूरच्या, वर्ध्याच्या, कधी पुण्या-मुंबईच्या नंबरच्या जड गाड्या, मागे दोरीने आवळलेल्या पिशव्या, अंगात जाड जाकिटे. कोणी मूल-सावलीवरून गडचिरोली गाठतात, कोणी गोंडपिपरी-आष्टीवरून आलापल्लीच्या सागवनात शिरतात. कोकणातल्या सागरी मार्गावर जसे समुद्राच्या कडेने जायचे, तसे इथे नद्यांच्या कडेने. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि आणखी खाली सोमनूरला इंद्रावती गोदावरीत येते. डिसेंबर-जानेवारीत हा मुलूख पाहण्यासारखा असतो. शेतांत धानाचे पुंजणे रचलेले, पहाटे दाट धुके, दुपारी कोवळे ऊन, नाल्यांचे पाणी उतरलेले. या मंडळींना इथे काम काहीच नसते. भटकायचे, टपरीवर चहा प्यायचा, फोटो काढायचे आणि चार दिवसांनी परत जायचे.

यात गैर काही नाही. राबणाऱ्या माणसाला अशी सुटी मिळालीच पाहिजे. पण हे जथे जरा नीट पाहिले तर लक्षात येते की त्यांत बाई जवळजवळ नसते. असलीच तर मागच्या सीटवर.

त्याच रस्त्यावर बाया असतात, भरपूर असतात. डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली बाई असते. बाजाराला निघालेली, रेशन आणायला निघालेली, पोर कडेवर घेऊन आरोग्य केंद्राकडे चाललेली असते. अंगणवाडी सेविका, आशा, नर्सबाई असतात. लग्नाला, दहाव्याला, महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला, चैत्रात चंद्रपूरला महाकालीच्या यात्रेला निघालेल्या असतात. या प्रत्येकीजवळ रस्त्यावर असण्याचे एक कारण आहे आणि ते तिला विचारले की सांगता येते. काम, आजारपण, नातेसंबंध आणि देव या चार कारणांवाचून बाईने घराबाहेर पडावे अशी सोय आपल्या समाजाने केलेलीच नाही.

पुरुषाला "कुठे चाललास?" एवढे विचारतात. बाईला त्यापुढे "कशाला?" असेही विचारतात. घरी विचारतात, शेजारी विचारतात, बसमध्ये शेजारी बसलेला अनोळखी माणूसही विचारतो. "सहज", "बरे वाटते म्हणून", "नदी बघायला" ही उत्तरे पुरुषाने दिली तर तो हौशी ठरतो. बाईने दिली तर तिच्या डोक्याविषयी नाहीतर चारित्र्याविषयी शंका घेतात. मला या लेखात बोलायचे आहे ते या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आपल्या चळवळीने बाईच्या कामाचा, मजुरीचा, मालमत्तेचा, शरीराचा हक्क मांडला. विनाकारण फिरण्याचा हक्क मात्र आपणही जरा दबक्या आवाजातच मांडत आलो.

गाडी कोणाची, सीट कोणाची

मोटारसायकल या वस्तूकडेच आधी पाहू. आपल्याकडे कितीतरी घरांत ती लग्नात येते. हुंडा म्हणायचे नाही, "मुलीच्या वडिलांनी हौसेने दिली" म्हणायचे. पैसा मुलीच्या बापाचा, कर्ज फेडायचे त्याने, कागदावर नाव जावयाचे आणि मुलगी मागे एका बाजूला दोन्ही पाय सोडून, एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने पोर सांभाळत बसलेली. कायद्यालाही बाई तिथेच बसलेली दिसली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि कपडा चाकात अडकू नये म्हणून मागचे निम्मे चाक झाकणारी जाळी असावी असे सांगितले आहे. आपण तिला साडीगार्ड म्हणतो. जाळी हवीच, तिने कितीतरी जीव वाचवले असतील. पण गाडी बनवणाऱ्यांच्या मनात साडी कोणत्या सीटवर होती, हे त्या नावात सरळ लिहिलेले आहे.

बाईच्या वाट्याला पुढची सीट आली ती बिनगिअरच्या गाडीवर. १९७२ मध्ये लूना आली आणि महाराष्ट्रातल्या शिक्षिका, नर्सेस, बँकेतल्या मुली तिच्यावर बसून कामाला जाऊ लागल्या. १९८४ मध्ये बटणावर सुरू होणारी कायनेटिक होंडा आली. या गाड्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्यांच्याबरोबर एक समजूतही घट्ट झाली की बिनगिअरची गाडी बायांची आणि गिअरची पुरुषांची. लायसनमध्येही गिअरची आणि बिनगिअरची असे दोन वेगळे प्रकार आहेत आणि बहुतेक मुलींना घरचे लोक दुसऱ्या प्रकाराचे लायसन काढून देतात. कारण विचारले तर "जड असते, झेपणार नाही."

हे झेपण्याचे गणित मला कधी कळलेले नाही. गावात रोज दिसणारी साधी शंभर सीसीची मोटारसायकल ११०-११५ किलोच्या आसपास असते. ती कोणी डोक्यावर घेत नाही, दोन चाकांवर तोलून धरायची असते. तोल सांभाळणे हे ज्या बाईला दोन हंडे डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन बांधावरून चालता येते तिला शिकवायचे? वीस-पंचवीस किलोची मोळी घेऊन ती जंगलातून चार-पाच किलोमीटर चालत येते, तेव्हा तिची ताकद कोणी मोजत नाही. चावी हातात द्यायची वेळ आली की ती नाजूक होते.

चौघी आणि तीन गाड्या

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघी चार दिवस अशा भटकून आलो. मी, एक नर्स, एक शिक्षिका आणि एक अंगणवाडी पर्यवेक्षिका. दोन मोटारसायकली, एक स्कूटर. चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्ली. दुसऱ्या दिवशी कमलापूरचे हत्ती पाहून सिरोंचा. तिसऱ्या दिवशी मागे फिरून हेमलकसा आणि भामरागड. चौथ्या दिवशी चामोर्शी, मूल मार्गे घरी. सहाशेच्या आसपास किलोमीटर झाले. आलापल्लीला जुन्या सागाचे राखलेले वन आहे, "वनवैभव" म्हणतात, २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केले. तिथे मान वर करून उभे राहिलो. सिरोंच्याला नदीकाठी तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात ऐकली. भामरागडला पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावतीचा संगम पाहिला. पावसाळ्यात याच पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. हिवाळ्यात ती शांत पडून असते.

निघण्याआधी चौघींना मिळून जेवढे प्रश्न विचारले गेले त्यांची यादी केली तर ती या अंकात मावणार नाही. स्वयंपाकाचे काय, मुलांच्या परीक्षेचे काय, गाडी पंक्चर झाली तर, आणि शेवटी "कुठल्या प्रशिक्षणाला चाललात का?" आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंना "शासकीय दौरा आहे" असे सांगावे असे घरातच ठरत होते. तिने ते नाकारले. "फिरायला चालले" एवढेच सांगितले. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत आणि निघायच्या सकाळी पिशवीत लाडू ठेवले. ही एक ओळ बोलायला तिला नोकरीची चौदा वर्षे लागली. बाईची कमाई घरात मान्य होते, तिची मौज मान्य व्हायला वेळ लागतो.

वाटेत दोनदा नाक्यावर अडवून विचारले. कागदपत्रे पाहिली, ते योग्यच. मग "सोबत कोणी नाही?" आम्ही चौघी समोर उभ्या होतो. एका गावात चहासाठी थांबलो तर धान चुरून घरी निघालेल्या बाया भोवती जमल्या. त्यांतल्या एका वयस्कर बाईने विचारले, "कुठं चालल्या वो बाई?" सांगितले, नदी बघायला. ती हसली नाही. "बरं केलं," म्हणाली, "आमी बी जातो मंडईले, नाटकाले." मग गाडीच्या हँडलवर हात ठेवून बघत राहिली.

त्या बाईने सांगितले ते महत्त्वाचे आहे. बाईची मौज ही शहरातून आयात केलेली कल्पना आहे असे आपल्याला वारंवार ऐकवले जाते. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र, आणि हिवाळाभर या चार जिल्ह्यांत रात्री-रात्री नाटके चालतात. बाया पोरांना शालीत गुंडाळून, सतरंजी घेऊन, बैलगाडीने, आता ट्रॅक्टरने, दुसऱ्या गावाला नाटकाला जातात आणि उजाडताना परततात. ही मोकळीक आमच्या भागाची जुनी आहे. मला फक्त एवढे म्हणायचे आहे की ती गावकीबरोबरच मिळावी, एकटीला किंवा मैत्रिणींबरोबर मिळू नये, असे का?

"हे चोचले आहेत"

या लेखावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण आमच्याच बैठकीत तो घेतला गेला. ज्या जिल्ह्यात बाळंतिणीला खाटेवर घालून नाला ओलांडावा लागतो, तिथे पेट्रोल जाळत सहल करणे हे मध्यमवर्गीय बायांचे चोचले नाहीत का?

आक्षेप खरा आहे त्या जागी खरा आहे. एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्याला एसटीची बस पहिल्यांदा गेली ती १ जानेवारी २०२५ ला. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक त्याच तालुक्याच्या रस्त्यांवरून त्याआधीच धावू लागले होते. म्हणजे दगडाला बाहेर पडायला रस्ता आधी मिळाला, बाईला नंतर. हे विसरून कोणी "निसर्गरम्य आडवाटा" म्हणत असेल, तर तिला थांबवलेच पाहिजे.

पण या आक्षेपातून जो निष्कर्ष काढला जातो तो मला पटत नाही. आधी दवाखाना, मग रस्ता, मग बस, मग शिक्षण आणि सगळे झाल्यावर उरलेच तर मौज, असा क्रम गरीब बाईसाठी आपण लावून देतो. तो क्रम पुरुषाला लागू नाही. ज्या गावात दवाखाना नाही त्याच गावात थंडीत कोंबडबाजार भरतो, मोटारसायकलींची रांग लागते आणि कोणी विचारत नाही की आधी दवाखाना का नाही. बाईच्या हक्कांनाच रांगेत का उभे करायचे?

शिवाय रस्त्यावर येण्याची सवय आणि रस्ता मागण्याची ताकद या वेगळ्या गोष्टी नाहीत. डिसेंबर २०१० मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी व्हावी म्हणून हजारो बाया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत पायी चालत गेल्या. २०१५ मध्ये बंदी झाली, २०२१ मध्ये ती उठवली गेली, तो वाद वेगळा. त्या थंडीत रस्त्यावर रात्री काढलेल्या बायांशी मी पुढे कामानिमित्त बोलले आहे. मागण्यांइतक्याच आनंदाने त्या सांगतात ते वाटेतल्या गावांबद्दल, गाण्यांबद्दल, नवऱ्याशिवाय घालवलेल्या त्या दिवसांबद्दल. मोर्चा हीच कित्येकींची आयुष्यातली पहिली सहल होती. सहलीसाठी मोर्चाचे निमित्त लागू नये, एवढीच माझी मागणी.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना निम्मे तिकीट झाले. तेव्हा "आता बाया उगाच फिरतील" अशी थट्टा झाली. फिरल्या. माहेरी गेल्या, बहिणीकडे गेल्या, देवाला गेल्या. ज्या बाईला वर्षानुवर्षे माहेराला जायलाही नवऱ्याकडे भाड्याचे पैसे मागावे लागत होते, तिचे ते फिरणे "उगाच" कसे म्हणायचे?

भीती आणि शिस्त

सुरक्षिततेचा प्रश्न खोटा नाही. पण त्यावर उपाय म्हणून बाईला घरात ठेवायचे, हे औषध आपण शतकानुशतके घेत आहोत आणि रोग तसाच आहे. रस्त्यावर बाया जितक्या कमी, तितकी दिसणारी एकटी बाई अधिक एकटी. त्यांची संख्या वाढणे हाच पहिला बंदोबस्त.

जंगलाची शिस्त मात्र पाळायची. चंद्रपुरात वाघ हा विनोदाचा विषय नाही. मोहफुले, तेंदूपान वेचायला गेलेल्या बाया त्याच्या तावडीत सापडतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात गणनेच्या कामावर असलेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. म्हणून दिवस मावळायच्या आत मुक्काम, वळणावर वेग कमी, हेडलाइट आणि ब्रेक तपासलेले, हेल्मेट डोक्यावर, पंक्चर काढायचे सामान जवळ, आणि जंगलात गाडी सोडून उतरायचे नाही. हे नियम पुरुषांनाही तेवढेच आहेत.

आणखी एक शिस्त पाहुणेपणाची. माडिया-गोंडांची गावे म्हणजे प्रदर्शन नव्हे. न विचारता बायांचे फोटो काढणे, गोटुलात शिरणे, पाळीच्या दिवसांत बाया राहतात त्या कुर्माघराकडे बोट दाखवून हळहळणे, हे पुरुष प्रवासी करतात तसे आपण करायचे नाही. कुर्माघराविरुद्ध बोलायचे असेल तर तिथल्या बायांच्या बरोबरीने, तिथे काम करून बोलायचे. गाडीवरून जाताना शेरा मारायचा नाही.

आधी गेलेल्या

अशा बाया जगात पूर्वीही निघाल्या आहेत. १९१६ मध्ये ऑगस्टा आणि अ‍ॅडेलिन व्हॅन ब्युरेन या बहिणी मोटारसायकलींवरून अमेरिका ओलांडून गेल्या. वाटेत त्यांना अटक झाली ती वेगासाठी नव्हे, पुरुषांसारखे कपडे घातले म्हणून. डिसेंबर १९३४ मध्ये थेरेसा वॉलॅक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन लंडनहून निघाल्या आणि सहारा ओलांडून १९३५ मध्ये केपटाऊनला पोहोचल्या. आपल्याकडे २०११ मध्ये पुण्यात उर्वशी पाटोळे यांच्या पुढाकाराने "बायकर्नी" ही बायांची मोटारसायकल संघटना उभी राहिली.

पण मला सर्वांत जवळचे वाटते ते तामिळनाडूतले पुदुक्कोट्टै. १९९१-९२ मध्ये तिथल्या साक्षरता मोहिमेने बायांना अक्षरांबरोबर सायकल शिकवली. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया, हजारोंनी शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी दांड्याच्या सायकली घेतल्या आणि त्या दांड्यावर पोर बसवले. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी कार्यकर्त्या बायांना सायकलीसाठी बँकेचे कर्ज मिळवून दिले. आणि आमच्याच सिरोंचा तालुक्यात रेगुंठ्याची किरण कुर्मा ही उच्चशिक्षित मुलगी प्रवासी टॅक्सी चालवू लागली, त्याची दखल राज्याने घेतली. तिच्यामागे किती मुली गाडी शिकल्या, हे विचारायला आपण गेलो का?

काय करता येईल

सहलीची हौस सांगून थांबायचे नाही, म्हणून काही गोष्टी मांडते.

बचत गटांच्या कर्जाच्या अर्जात "कारण" असा रकाना असतो. तिथे शेळी, शिलाई मशीन, किराणा हे लिहिले की मान डोलते. माविमच्या आणि उमेदच्या गटांत दुचाकी हेही कारण सरळ मान्य व्हावे, आणि गाडी बाईच्या नावावर असावी. तालुक्याला लायसनचे शिबिर लागते तेव्हा एक दिवस फक्त बायांसाठी ठेवावा आणि गिअरच्या गाडीची चाचणी देण्यास त्यांना उत्तेजन द्यावे. अहेरी, एटापल्ली, सिरोंच्याची बाई लायसनसाठी गडचिरोलीला दोन-दोन खेपा घालेल ही अपेक्षा चुकीची आहे. रस्त्यांवर बायांसाठी वापरता येतील अशी, पाणी आणि कडी असलेली स्वच्छतागृहे हवीत. पर्यटक बाईला ती चार दिवस लागतात, नर्सबाईला आणि बाजाराला जाणारीला बारा महिने.

आपल्या सामाजिक संस्थांनीही स्वतःकडे पाहावे. क्षेत्रीय कार्यकर्त्याच्या जाहिरातीत "दुचाकी चालवता येणे आवश्यक" असे लिहितो आणि मग पुरुष उमेदवार निवडतो, कारण मुलींना येत नाही. समाजकार्याच्या पदवीत गृहभेट शिकवतात, गटकार्य शिकवतात. त्या गृहभेटीला पोहोचायचे कसे हे कोणी शिकवत नाही. संस्थेने पंधरा दिवस काढून तिला गाडी शिकवावी. ती पुढे रविवारी त्याच गाडीवर घोडाझरीचा तलाव बघायला गेली तर हिशेब मागू नये. पेट्रोल तिने स्वतःचे घालावे, एवढे पुरे.

पुढच्या डिसेंबरात आम्ही पुन्हा निघणार आहोत. या वेळी सोबत दोन आशाताई असाव्यात असे ठरले आहे. दोघींकडे गाडी नाही, एकीला चालवता येते, दुसरी सध्या शाळेच्या मैदानावर शिकते आहे. वाचणाऱ्या मैत्रिणींपैकी कोणाला यायचे असेल तर यावे. घरी कारण काय सांगायचे, असा प्रश्न पडला तर खरे तेच सांगावे. फिरायला.